तळटीप : इलेक्ट्रॉनिक सिटीतली रात्रपाळी

* मुलींच्या रात्रपाळीला इथे कधीच आडकाठी नव्हती, असे लेखिका धरून चालते. तसे नाही. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यातल्या कलम २५ नुसार बायकांना रात्री कामावर ठेवायला मनाई होती. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरच्या जमिनीवर केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटी ही वसाहत उभारली, १९९४ मध्ये इन्फोसिस तिथे आली, तरी कलम जागच्या जागी होते. २००२ च्या दुरुस्तीने माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना सूट देण्याची सोय झाली. अट अशी, की ने-आण आणि सुरक्षा कंपनीने पाहायची. (अमेरिकेतल्या ग्राहकांचा दिवस असतो तेव्हा इथे रात्र, ही त्यामागची निकड. स्त्रीमुक्तीचा कळवळा शोधू नये.) डिसेंबर २००५ मध्ये बंगळूरात कॉल सेंटरच्या एका तरुणीला कामावर न्यायला आलेल्या चालकानेच तिचा खून केला आणि या अटीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. ने-आणीचा नियम असा : गाडीचा मार्ग असा आखायचा, की बाई सर्वांत आधी चढणार नाही आणि सर्वांत शेवटी उतरणार नाही. चालकाशेजारी पेंगणारे जे ‘काका’ लेखिकेला कुणाचे तरी नातेवाईक वाटले, ते बहुधा सोबतीला दिलेले पहारेकरी. २०२० च्या दुरुस्तीनंतर इतर आस्थापनांनाही रात्रपाळीची मुभा मिळाली, मात्र बाईची लेखी संमती हवी.

पुढच्या परिच्छेदातले उंच रथ इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या हुस्कूर गावातल्या मद्दूरम्मा देवीच्या जत्रेचे. आसपासच्या गावांतून ते ओढत आणतात. कंपन्या आल्या म्हणून ही जत्रा ओसरली, हे लेखिकेचे मत आम्हांला पटत नाही.