जॉर्जियातील विद्यापीठ-सुधारणा: प्रवेशद्वारापासून वर्गापर्यंत

कॉकेशस पर्वतराजीच्या दक्षिणेस वसलेल्या जॉर्जियात विद्यापीठ आधी आले आणि स्वतंत्र राष्ट्र मागाहून. झारशाहीने त्बिलिसीत विद्यापीठ काढू दिले नव्हते, त्यामुळे तेथील तरुणांना उच्चशिक्षणासाठी रशियात किंवा पश्चिम युरोपात जावे लागे. सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकलेले आणि तेथेच अध्यापन करणारे इतिहासकार इव्हाने जावाखिश्विली यांच्या पुढाकाराने ८ फेब्रुवारी १९१८ रोजी त्बिलिसीत मातृभाषेतून शिकवणारे विद्यापीठ सुरू झाले. देशाने स्वातंत्र्य जाहीर केले ते त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. १९२१ मध्ये लाल सेनेने हे प्रजासत्ताक संपवले आणि पुढे १९२६ मध्ये जावाखिश्विलींनाही कुलगुरुपदावरून दूर करण्यात आले.

सोव्हिएत काळात पाच वर्षांची ‘विशेषज्ञ’ पदविका ही मुख्य पात्रता होती आणि प्रत्येक संस्था आपली प्रवेशपरीक्षा स्वतःच घेत असे. १९९१ नंतर यादवी आणि आर्थिक कोसळणीत प्राध्यापकांचा पगार नाममात्र उरला, तेव्हा याच प्रवेशपरीक्षेचा बाजार मांडला गेला. परीक्षा समितीवर बसणारे अध्यापकच उमेदवारांच्या खासगी शिकवण्या घेत, आणि कायदा किंवा वैद्यक यांसारख्या मागणीच्या शाखांसाठी उघडपणे लाच मोजली जाई. त्याच सुमारास खासगी संस्थांचेही पेव फुटले आणि पदवीची पत पार घसरली.

नोव्हेंबर २००३ च्या गुलाब क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या सरकारने घाव नेमका येथेच घातला. डिसेंबर २००४ मध्ये उच्चशिक्षणाचा नवा कायदा झाला आणि २००५ च्या उन्हाळ्यात देशभर पहिली एकत्रित राष्ट्रीय परीक्षा घेण्यात आली. जॉर्जियन भाषा व साहित्य, परदेशी भाषा आणि सर्वसाधारण बौद्धिक क्षमता असे तिचे मुख्य भाग होते. प्रश्नपत्रिका परदेशात छापून आणल्या गेल्या, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी पट्टीसंकेत आला, आणि परीक्षा दालनांतील कॅमेऱ्यांची दृश्ये बाहेर ताटकळणाऱ्या पालकांना पडद्यावर दिसत राहिली. निकालानंतर उमेदवाराला तपासलेली उत्तरपत्रिका पाहून दाद मागता येई. शासकीय अनुदानही संस्थेऐवजी गुणानुक्रमे विद्यार्थ्याच्या नावे मिळू लागले. दशकभर मुरलेला भ्रष्टाचार असा एकाच हंगामात उखडला जावा, ही या सुधारणेची सर्वांत भक्कम कमाई होय, आणि तिचे श्रेय निःसंकोच द्यायला हवे.

मे २००५ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे जॉर्जिया बोलोन्या प्रक्रियेत सामील झाला. युरोपातील पदव्या एकमेकांशी ताडून पाहता याव्यात यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था. तिच्यात पदवी, पदव्युत्तर आणि विद्यावाचस्पती असे तीन टप्पे असतात आणि वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांत मोजला जातो. आराखडा झपाट्याने बदलला, परंतु वर्गातला बदल क्लेशकारक ठरला: प्राध्यापकांना आपल्याच पदांसाठी नव्याने अर्ज करावे लागले, त्यांत अनेक ज्येष्ठ अध्यापक बाहेर फेकले गेले आणि निवडीच्या निकषांवरून निदर्शने झाली. जुनी भ्रष्ट साखळी तोडताना सचोटीने शिकवणाऱ्यांचीही मानखंडना झाली, हा आक्षेप रास्त होता. देशातील अझरबैजानी आणि आर्मेनियन भाषकांची जॉर्जियन भाषेच्या परीक्षेतील अडचण तर आणखी काही वर्षे तशीच राहिली. २०१० पासून त्यांना क्षमता चाचणी स्वभाषेत देऊन आधी वर्षभर जॉर्जियन शिकण्याची सोय मिळाली.

आंतरराष्ट्रीयीकरणाचा अर्थ सुधारकांच्या लेखी युरोपशी अध्यापक व संशोधनाची देवाणघेवाण असा होता. प्रत्यक्षात परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने आले ते इंग्रजीतून चालणाऱ्या सहा वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी, आणि त्यांत भारतीयांचा वाटा सर्वाधिक आहे. भारतातील मर्यादित जागा आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क यांमुळे महाराष्ट्रातूनही विद्यार्थी त्बिलिसीला जातात. त्यांच्या शुल्कातून संस्थांना उत्पन्नाचा मोठा आधार मिळाला, तरी सुधारकांना अभिप्रेत असलेली देवाणघेवाण त्यातून घडली असे म्हणता येत नाही. शिवाय भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातील असावा लागतो, आणि परत आल्यावर परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज त्बिलिसीची पदवी घेतलेल्यास भारतात वैद्यकी करता येत नाही.