गुळणी आणि शाळेचं कुलूप

मार्च २०२० मध्ये आपल्या शाळा बंद झाल्या. नोव्हेंबरात शासनाने नववी ते बारावीला परवानगी दिली, पण शिक्षकांनी आधी आरटीपीसीआर चाचणी करायची होती. नागपूर शहरात हे वर्ग डिसेंबरात भरले. ती चाचणी मात्र दार उघडण्यापुरतीच होती. आज निगेटिव्ह आलेल्याला चार दिवसांनी लागण होऊ शकते. मुलांचा रोज फक्त ताप मोजायचे. लक्षणं नसलेला त्यात सापडत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्ण वाढले आणि शाळांना पुन्हा कुलूप लागलं.

मे महिन्यात आपल्या नागपूरच्याच नीरी संस्थेच्या पद्धतीला आयसीएमआरची मान्यता मिळाली. मिठाच्या पाण्याची गुळणी करून ती नळीत द्यायची, नाकात काडी घालायची नाही. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या शाळांत मुलं दर आठवड्याला गुळणीचेच नमुने देत होती. बाधित लवकर सापडला, तर सगळी शाळा बंद करावी लागत नाही.

घरात एकच फोन असला, की अभ्यास आधी पोरीचा सुटतो. म्हणून पुढच्या साथीत आपण पालकसभेत विचारू या : कुलूप लावण्याआधी तपासणी किती वेळा केली?