पाकिस्तानी चित्रकला: लघुचित्रांचे नवे पर्व

पाकिस्तानच्या समकालीन चित्रकलेत जागतिक पातळीवर विशेष लक्ष वेधून घेतले ते नव-लघुचित्रांच्या प्रवाहाने. मोगल दरबारात बहरलेले जुने तंत्र जपत त्यातून आजचे राजकारण, हिंसाचार आणि स्त्रीजीवन मांडणे, हे या प्रवाहाचे वैशिष्ट्य होय.

पूर्वपीठिका

अब्दुर रहमान चुगताई (१८९७-१९७५) यांनी मोगल आणि बंगाल शैलींचा संगम साधला. अमरोहा येथे जन्मलेल्या सादिकैन यांनी भव्य भित्तिचित्रे आणि सुलेखन यांतून स्वतंत्र वाट निर्माण केली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

लाहोरचे केंद्र

या प्रवाहाचे उगमस्थान म्हणजे लाहोरचे नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स. १८७५ मध्ये मेयो स्कूल या नावाने ते सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग हे त्यापूर्वी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात अध्यापक होते. १९८२ मध्ये बशीर अहमद यांच्या पुढाकाराने येथे लघुचित्रकला हा पदवीचा स्वतंत्र विषय झाला. कागदाचे थर चिकटवून व घोटून तयार केलेली 'वसली', खारीच्या केसांचा कुंचला आणि अतिसूक्ष्म रेघांनी छटा भरण्याची 'परदाख्त' पद्धत यांचे शिक्षण विद्यार्थ्यांना मिळू लागले. परंपरेकडे आधुनिक दृष्टीने पाहण्याची प्रेरणा जहूर उल अखलाक (१९४१-१९९९) यांनी दिली.

प्रमुख चित्रकार

शाजिया सिकंदर (जन्म १९६९) यांच्या 'द स्क्रोल' या सुमारे पाच फूट लांबीच्या चित्राने या प्रवाहाची नांदी केली. आधुनिक घरातील दालनांतून वावरणारी शुभ्रवस्त्रा तरुणी हा त्याचा विषय. २००६ मध्ये त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

इम्रान कुरेशी (जन्म १९७२) यांनी लघुचित्रांतील पानाफुलांची नक्षी जमिनीवर उतरवली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर त्यांनी लाल रंगाचे शिंतोडे उडवले. दुरून रक्ताचे डाग भासणारी ही रचना जवळ गेल्यावर पाकळ्यांची दिसते. लाहोरमधील बॉम्बस्फोटांची पार्श्वभूमी असलेल्या या कलाकृतीचे शीर्षक फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून घेतले होते.

२००३ च्या 'कारखाना' उपक्रमात कुरेशी यांच्यासह आयेशा खालिद, सायरा वसीम, नुसरा लतीफ कुरेशी, तलहा राठोर आणि हसनात महमूद सहभागी झाले. वेगवेगळ्या शहरांत राहणाऱ्या या सहा जणांनी बारा चित्रे टपालाने एकमेकांना पाठवली आणि प्रत्येकाने त्यांत आपली भर घातली. एका चित्रावर अनेकांचे हात फिरण्याची मोगल चित्रशाळांची रीत यातून पुन्हा अवतरली.

वेगळी वाट

रशीद राणा (जन्म १९६८) यांनी कुंचल्याऐवजी संगणकाचा आधार घेतला. २००७ पासूनच्या त्यांच्या 'रेड कार्पेट' मालिकेत दुरून देखणा गालिचा दिसतो. जवळून पाहिल्यास तो कत्तलखान्यातील हजारो छोट्या छायाचित्रांनी बनलेला आढळतो.

२०१५ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या काळात राणा आणि मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी एकत्रित प्रदर्शन भरवले. त्या वर्षी तेथे भारत व पाकिस्तान यांपैकी कोणाचेही अधिकृत राष्ट्रीय दालन नव्हते; दोन्ही देशांच्या कलावंतांनी मात्र एकाच छताखाली आपल्या कलाकृती मांडल्या.