दोन नोंदी, एक चिन्नोर

भौगोलिक मानांकनाच्या नोंदींत चिन्नोर तांदूळ दोन ठिकाणी भेटतो: २०२१ साली बालाघाटच्या नावाने आणि २०२३ साली भंडाऱ्याच्या नावाने. जिल्हे शेजारी, वैनगंगा दोघांतून वाहणारी, मात्र एक मध्य प्रदेशात आणि दुसरा महाराष्ट्रात. मग ‘चिन्नोर’ हे नाव पाकिटावर छापण्याचा हक्क कोणाचा, आणि तो कोणत्या कागदावरून तपासायचा?

व्यापारचिन्हांची तपासणी करणारा माणूस आधी करारनामा मागतो. चिन्हाचा मालक कोण, वापराची परवानगी कोणाला, किती काळासाठी, मालाच्या दर्जावर मालकाचा ताबा किती, हे सारे त्यात लिहिलेले असते. इथे तसा करारनामा मिळणार नाही, कारण कायद्यानेच तो करू दिलेला नाही. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याचे कलम २४ सांगते की या हक्काचे हस्तांतरण करता येत नाही, परवाना देता येत नाही, तो तारण वा गहाणही ठेवता येत नाही. अपवाद एकच, अधिकृत वापरकर्त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसाचा. हे कलम मला फार मोलाचे वाटते. मोठ्या व्यापाऱ्याने कितीही पैसे मोजले तरी शेतकऱ्यांच्या नावाचा हक्क त्याला विकत घेता येत नाही.

म्हणून करारनाम्याच्या जागी आपण नोंदवही उघडायची. तिचे दोन भाग आहेत. ‘अ’ भागात मानांकन आणि ते ज्या संस्थेच्या नावावर आहे ती संस्था, तर ‘ब’ भागात अधिकृत वापरकर्ते. पाकीट भरणाऱ्याचे नाव ‘ब’ भागात नसेल तर ‘अ’ भागातली नोंद कितीही भक्कम असली तरी त्याच्या उपयोगाची नाही. नोंद दहा वर्षांची असते, तेव्हा पाकीट भरल्याच्या तारखेला ती जिवंत होती का, हेही पाहावे लागते. २०२० च्या सुधारित नियमांनी अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले. त्यामुळे लहान शेतकऱ्याचे नाव ‘ब’ भागात नसले, तर शुल्क हे कारण आता पुढे करता येणार नाही.

आता मूळ प्रश्न. मानांकनाच्या अर्जात भूप्रदेशाचा नकाशा लागतो, तसाच उगमाचा ऐतिहासिक पुरावाही. इथे तारखा बोलू लागतात. बालाघाट जिल्हा १८६७ पासून घडला, तो भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून. म्हणजे आज बालाघाटच्या नकाशात दिसणारी काही धानाची गावे त्याआधी भंडाऱ्याच्या दप्तरात होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, आणि जिल्ह्याची हद्द राज्याची सीमा झाली. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातूनच गोंदिया वेगळा झाला. इथवर सारे निश्चित आहे.

यापुढचे अनुमान, आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे. ब्रिटिश अधिकारी रसेल याने मध्य प्रांतातील जातींवरच्या आपल्या ग्रंथात पोवार समाजाविषयी लिहिताना भंडाऱ्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताच्या जुन्या अहवालाचा आधार घेतला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या कटक मोहिमेतील कामगिरीबद्दल पोवारांना वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्याचे आणि धानाच्या शेतीत ते निष्णात असल्याचे त्यातून कळते. हाच समाज पुढे बालाघाटच्या पठारावरही वसला. बियाणे माणसांबरोबर गेले असावे, हा तर्क सरळ आहे, पण वस्तीच्या इतिहासातून एका वाणाचा प्रवास सिद्ध होत नाही. जुन्या गॅझेटियरची साक्षही जपून घ्यावी. एखाद्या जिल्ह्यात एखादे धान पिकत होते एवढेच तिथली नोंद दाखवते, ते तिथेच जन्मले असे नाही. माझे मत असे की दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, कारण सीमा खोऱ्यात नंतर आखली गेली. नावामागे जिल्हा लावल्याने दोन्ही वेगळ्याही ओळखता येतात.

पण त्यामुळे तपासणी अवघड होते. राईस मिलचा हिशेब आधी पाहू. सरकारी धान भरडाईत एका क्विंटलमागे ६७ किलो साधा तांदूळ धरतात. बारीक, सुवासिक दाण्यात तुकडा जास्त पडत असल्याने चिन्नोरचा उतारा याहून कमीच अपेक्षित आहे. म्हणून १०० क्विंटल धान घेऊन ८० क्विंटल चिन्नोर विकल्याचे बिलांत दिसले, तर दुसरे धान मिसळले गेले हे वहीच सांगते.

दुसरी कसोटी डीएनएची. बासमतीसाठी हैदराबादच्या सीडीएफडी केंद्राने अशी चाचणी विकसित केली. चिन्नोरमध्ये परका वाण मिसळला असेल तर तशा चाचणीने उघड व्हावा. पण वाण एकच असेल तर बालाघाटचा दाणा आणि भंडाऱ्याचा दाणा प्रयोगशाळेला सारखाच दिसेल. तिथे पुन्हा कागदाकडेच यावे लागते, आणि महाराष्ट्रात तो कागद म्हणजे सातबारा. गाव नमुना बारामध्ये पीक लिहिले जाते, २०२१ पासून ई-पीक पाहणीतून शेतकरी ते स्वतःही नोंदवतो. बांधी (धानाचे खाचर) कोणाची, क्षेत्र किती, हंगाम कोणता, हे त्यावरून नेमके कळते. पण पिकाच्या रकान्यात असते ‘भात’. चिन्नोरसारखे उशिरा निघणारे भारी धान आणि लवकर निघणारे हलके धान या एकाच शब्दात बसतात. मानांकनाच्या अर्जात देखरेख यंत्रणेचा तपशील मागितला जातो तो याच रिकाम्या जागेसाठी. बियाणे कोणाकडून आले, कोणत्या गटात रोवणी झाली, कापणीच्या वेळी पीक कोणी पाहिले, या तिच्या नोंदी मिल मालकाच्या वहीशेजारी ठेवल्या, तरच पाकिटावरच्या ‘भंडारा’ या शब्दाचा माग बांधीपर्यंत लागतो.