जुनी मोटार बळकट, हें कितपत खरें?

श्रोतेहो, मोटारींचा विषय निघाला म्हणजे एक वाक्य हटकून कानीं पडतें : 'पूर्वीचा पत्रा काय जाड होता! आतांच्या गाड्या म्हणजे कागदाच्या डब्या.' पूर्वीचा पत्रा जाड होता, हें खरेंच आहे. पण पत्रा जाड म्हणून आंतील माणूस सुरक्षित, हें अनुमान इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं.

अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं रस्त्यांवरील सुरक्षिततेसाठीं १९५९ सालीं एक संस्था स्थापन केली. तिला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे २००९ सालीं, तिनें शेव्हरोलेच्याच दोन गाड्या ताशी सुमारें ६४ किलोमीटर वेगानें समोरासमोर आदळविल्या. एक १९५९ ची बेल एअर, दुसरी २००९ ची मॅलिबू. ड्रायव्हरच्या जागीं पुतळे बसविले होते. लांबरुंद बेल एअरची बैठकीची जागाच चेपून गेली. पुतळ्यांवरील मोजमापांवरून असें ठरलें कीं, जुन्या गाडींतील माणूस जागच्या जागीं दगावला असता. नव्या गाडींतील माणसाच्या पायाला किरकोळ दुखापत झाली असती.

याचें कारण गाडीच्या बांधणींत आहे. धांवती गाडी एकाएकीं थांबली कीं तिचा जोर कोठें तरी जिरलाच पाहिजे. बेला बारेनी नांवाच्या यंत्रविशारदानें असा विचार मांडला कीं, गाडीचे पुढील व मागील भाग मुद्दाम चेपतील असे करावे आणि मधली बैठक तेवढी भक्कम ठेवावी. म्हणजे टोंकें आपण मोडून जोर गिळतात व माणूस वांचतो. या तत्त्वावर मर्सिडीजची गाडी बाजारांत आली ती १९५९ सालीं. त्याच वर्षीं व्होल्व्हो कंपनीच्या नील्स बोलीन यांनीं छाती व कंबर दोन्ही आवरणारा पट्टा गाडींत आणला, आणि कंपनीनें तो इतरांनाही वापरूं दिला.

श्रोत्यांनीं येथें सन ध्यानांत घ्यावा. ज्या वर्षीं ती बेल एअर तयार झाली, त्याच वर्षीं माणूस वांचविण्याची विद्या उपलब्ध होती. उणीव होती ती सक्तीची. १९६५ सालीं राल्फ नेडर यांनीं ग्रंथ लिहून मोटार कारखानदारांना जाब विचारला. १९६६ सालीं अमेरिकेंत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. त्यानंतर देशभर नव्या गाड्यांत पट्टे बसविणें भाग पडलें.

आपल्याकडील अनुभवही हेंच सांगतो. २०१४ सालीं एका आंतरराष्ट्रीय परीक्षणसंस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच छोट्या गाड्या आदळवून पाहिल्या. गाड्या नव्याकोऱ्या होत्या. पण एअरबॅग नसलेल्या त्या पांचांपैकीं एकीलाही प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठीं एकही तारा मिळाला नाहीं. पुढें २०१९ सालीं ड्रायव्हरसाठीं एअरबॅग सक्तीची झाली व २०२३ सालीं भारताची स्वतःची परीक्षणपद्धति सुरू झाली.

जुन्या गाडीची एक थोरवी मात्र नाकारतां येणार नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धांवली. बॉनेट उघडलें कीं तिचें सारें यंत्र डोळ्यांपुढें असे, आणि कोणत्याही नाक्यावरील मिस्त्री पान्याच्या साहाय्यानें तिला चालती करी. आजच्या गाडीचा दोष शोधावयास संगणक जोडावा लागतो. मालकाचें आपल्या गाडीविषयींचें ज्ञान त्या मानानें उणावलें आहे, ही हानि लहान नाहीं.

परंतु यंत्र दुरुस्त करतां येतें. गेलेला जीव परत आणतां येत नाहीं. म्हणून नवी गाडी अधिक चांगली, असाच कौल द्यावा लागतो. मात्र तें चांगलेपण सालाबरोबर आपोआप येत नाहीं. तेव्हां गाडी घेतांना रंग आणि किंमत विचारण्यापूर्वीं, ती आदळवून पाहिली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थानें अवश्य विचारावा.