पाण्याच्या उलट दिशेनं

पाणचक्कीच्या हौदाकाठी उभे राहा. उंच भिंतीवरून धार पडतेय, तुषार थेट चष्म्यावर येताहेत. मोबाइल खिशात ठेवा. आज पाण्याच्या उलट दिशेनं चालायचंय. जितके वर जाल, तितके मागे जाल.

चार पावलांत सेल्फीवाली गर्दी ओसरते. अठरावं शतक. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात फकीर, विद्यार्थी, वाटसरू टेकलेत आणि सगळ्यांचं पीठ पाणीच दळतंय. वाकून बघा. खाली लोखंडी पात्यांवर धार आदळते, आडवं चाक गरगरतं, वरचं जातं घरघरतं. खुंट्याला हात नाही, ओवी म्हणायला बाई नाही. पीठ मात्र पडतंय. चिमटीत घ्या. कोमट लागेल.

महमूद दरवाजा मागे टाकून बेगमपुऱ्यातून उत्तरेकडे चला. बीबी का मकबऱ्याच्या मनोऱ्यांवर नजर ठेवा. बघता बघता ते बुटके होतात, मग त्यांच्या जागी नुसता चौथरा, मग मोकळं माळरान. आता औरंगजेबाची सुभेदारीही पुसली गेली. शहराचं नाव खडकी.

हर्सूलच्या अंगाला पोचता तेव्हा १६१७ च्या आसपासचं साल आहे. पहारी खणखणताहेत. दोन बोटं माती आणि खाली काळा कातळ. गावाला खडकी म्हणतात ते उगाच नाही. पाणचक्कीची नहर अजून निघायचीय; शहरासाठी ही तिच्या आधीची, वेगळी नहर काढणारा मलिक अंबर सत्तरीला टेकलाय. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस आता निजामशाही चालवतो. त्यानं ही नहर काढायची म्हटल्यावर दरबारात हसू झालं होतं, असं सांगतात.

"वाका जरा, डोकं आपटंल," एक पाथरवट म्हणतो, आणि तुम्ही भुयारात उतरता. आत गारवा आहे. डोळे सरावले की दिसतं, भिंतींना पाझर फुटलाय. नदी अडवलेली नाही. जमिनीत मुरलेलं पाणीच थेंबाथेंबानं इथं गोळा होतंय. पायाखालचा उतार तुम्हाला जाणवत नाही, पण पाण्याला कळतो. उतार जास्त झाला तर तळ खरवडेल, कमी झाला तर गाळ बसेल. सगळी करामत एवढ्याच अंदाजात आहे. अधूनमधून डोक्यावर उच्छ्वास ठेवलेत. त्यांतून हवा येते आणि गाळ काढायला माणूस उतरतो. पुढे शहरात खापरी नळ, आणि नळांच्या टोकाला हौद.

थोडं पाणी ओंजळीत घ्या आणि आता प्रवाहाबरोबर परत फिरा. मकबरा उभा राहतो, डोक्यावर विजेच्या तारा येतात, रिक्षा ओरडते. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. बेगमपुऱ्यात थत्ते हौदाजवळच्या गल्लीत दारोदारी निळी पिंपं मांडलीत. या शहराचं पाणी आता पैठणच्या नाथसागरातून येतं, तेही पंपांनी चढ चढवून. नळाला यायला मध्ये कित्येक दिवस जातात.

पिंपाशी बसलेल्या आजी तुमचे भिजलेले हात बघतात.

"आलं का रे बाबा पाणी? कुठल्या गल्लीत?"

तुम्ही पायाखाली बोट दाखवता.