पत्रकार व्हायचंय? कॉलेजात पैसे भरण्याआधी हे वाचा

पत्रकार होण्यासाठी आपल्या देशात पदवी सक्तीची नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, बातमी लिहायला मात्र कुठलाच परवाना लागत नाही. म्हणून तर मोबाईल, माईक आणि गाडीवर 'प्रेस'चं स्टिकर एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावी यूट्यूब चॅनल सुरू होतात. मग कॉलेजात तीन वर्षं घालवायची कशाला, आणि त्यासाठी घरच्यांनी पैसे कुठून काढायचे, हा प्रश्न बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत पडतो. तो रास्तच आहे.

दोन रस्ते

पहिला रस्ता बारावीनंतर थेट पदवीचा. मुंबई विद्यापीठाचा 'बीएमएम' हा अभ्यासक्रम २००० च्या सुमारास सुरू झाला, २०१९ पासून त्याचं नाव 'बीएएमएमसी' झालं. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी त्याला चालतो. अडचण अशी की असे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात. म्हणजे साध्या बी.ए.पेक्षा फी जास्त, त्यात शहरातल्या खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च वेगळा.

दुसरा रस्ता थोडा लांबचा, पण खेड्यातल्या मुलामुलींना बहुधा तोच परवडतो. जवळच्या कॉलेजातून आधी बी.ए., बी.कॉम. किंवा कृषी पदवी घ्यायची आणि त्यानंतर विद्यापीठाच्या विभागात पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं. यात पैसा वाचतोच, शिवाय हातात एक विषय पक्का होतो. पीक विम्याची किंवा खताच्या लिंकिंगची बातमी कृषी पदवीधराला जेवढी आतून कळते, तेवढी फक्त कॅमेरा चालवायला शिकलेल्याला कळत नाही.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं 'रानडे इन्स्टिट्यूट' म्हणजे पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग, तो १९६४ पासून आहे. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड, सोलापूर, जळगाव आणि नागपूर इथल्या विद्यापीठांतही हा विषय शिकवला जातो. भारतीय जनसंचार संस्था, म्हणजे 'आयआयएमसी', ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिचं एक केंद्र अमरावतीला आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवला गेला आहे. घर, शेती किंवा नोकरी सोडता येत नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. त्याची अभ्यासकेंद्रं गावाकडच्या कॉलेजांतही असतात. त्यातल्या कुठल्या केंद्रावर पत्रकारिता आहे, तेवढं विचारून घ्यावं लागतं.

शिकवतात काय?

बातमी लिहिणं, संपादन, भाषांतर, पानाची मांडणी, रेडिओ, कॅमेरा, जाहिरात, जनसंपर्क. यातलं बरंचसं मोबाईलवर पाहूनही शिकता येतं. कॉलेजात शिकण्याचा खरा फायदा होतो तो माध्यम कायद्याच्या तासाला, आणि नेमका तोच तास मुलं बुडवतात.

एक उदाहरण घ्या. गावात अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. चॅनलवाला मुलीचा चेहरा धूसर करतो, पण तिच्या घराचं दार, आईची मुलाखत आणि शाळेचं नाव दाखवतो. आपण काळजी घेतली, असं त्याला वाटतं. पण पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलीचं नावच नव्हे, तर पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, यातलं ओळख पटेल असं काहीही माध्यमात देता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ बलात्कार पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. कलम ३५६ बदनामीचं, तिथेही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'सूत्रांकडून समजते' असं लिहिलं म्हणजे सुटलो, असं काही नसतं.

याच शिक्षणात माहिती अधिकाराचा अर्ज नीट कसा लिहायचा तेही येतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि ३० दिवसांत उत्तर मागायचं. ग्रामपंचायतीच्या कामाचं मोजमाप पुस्तक मागवून त्यावर बातमी करणारा वार्ताहर आणि सरपंचाच्या वाढदिवसाची बातमी करणारा वार्ताहर, यांच्यात फरक पडतो तो इथे.

पोट भरतं का?

गावपातळीवर खरं सांगायचं तर फक्त बातम्यांवर भरत नाही. तालुक्याच्या बऱ्याच वार्ताहरांना पगार नसतो, किरकोळ मानधन आणि जाहिरातीचं कमिशन यावर काम चालतं. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याकडेच दिवाळीची जाहिरात मागायला जावं लागतं. पदवी असली तरी ही पंचाईत सुटत नाही. मात्र पदवी असेल तर इतर दारं उघडतात. जिल्ह्याच्या ठिकाणचं संपादन, डिजिटल डेस्क, भाषांतर, कंपनीचं जनसंपर्क खातं, असं बरंच. राज्याच्या माहिती खात्यात जिल्हा माहिती अधिकारी एमपीएससीमार्फत निवडले जातात आणि तिथे पत्रकारितेची पात्रता मागितली जाते.

गावात राहूनही वेगळं काम उभं राहिलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' हा सामुदायिक रेडिओ २००८ पासून माणदेशी बोलीत बोलतो. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली सुरू झालेलं 'खबर लहरिया' हे पत्र खेड्यातल्या बायकांनीच चालवलं आणि पुढे तेच मोबाईलवर आलं.

फी भरण्याआधी

'कोर्ससोबत प्रेस कार्ड मोफत' अशी जाहिरात दिसली की तिथूनच परत फिरावं. ओळखपत्र आपण जिथे काम करतो ते दैनिक किंवा चॅनल देतं. सरकारची अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही अनुभवाच्या अटी पूर्ण झाल्यावर. कुठल्याही कॉलेजच्या हातात ती नसते. पदवी कुठलं विद्यापीठ देणार हे लेखी मागावं आणि त्याचं नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर पाहावं. बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच मिळते. स्टुडिओ आणि कॅमेरे दाखवले तर ते मुलांच्या हातात आठवड्यातून किती तास येतात, हे शेवटच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्यालाच बाजूला घेऊन विचारावं.

शिष्यवृत्ती आहे म्हणून प्रवेश घेणाऱ्यांनी तो कोर्स महाडीबीटीच्या यादीत आहे का, हे आधी तपासावं. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला अनेक योजना लागू होत नाहीत आणि ते कळतं पहिल्या वर्षाची फी भरून झाल्यावर. उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवलेला बरा, कारण जून-जुलैत सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हरही तेव्हाच बसतो.